बोजा आणि मालकी

भातकापणीच्या दिवसांतील एका सकाळी खेरडीतील आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ हातात कागद घेऊन आले. वयाने व मानाने मोठे असल्यामुळे आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणतो. कागद न्यायालयाचा होता. आप्पांनी फार वर्षांपूर्वी एका नातलगाच्या कर्जाला जामीनकी दिली होती. नातलगाने कर्ज फेडले नाही, धनकोने दावा लावून हुकूमनामा मिळविला, आणि त्या हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी केलेल्या दरखास्तीत आप्पांच्या शेतजमिनीवर जप्ती आली होती. बेलिफाने गावात पुकारा केला, एक प्रत शेताच्या बांधावर आणि एक ग्रामपंचायतीच्या कचेरीत चिकटविली. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "भाऊ, म्हणजे आमची जमीन गेली म्हणायची का?"

"नाही, आप्पा. जमीन गेलेली नाही, तिच्यावर बोजा आला आहे," असे उत्तर मी दिले. त्यावर ते म्हणाले, "बोजा आला की जमीन जातेच. आमच्या वडिलांनी तेच पाहिले."

आप्पांचे हे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने चूक आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने बरेचसे बरोबर आहे. या दोन विधानांमधील अंतर किती, आणि ते कशामुळे कमी-जास्त होते, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. ज्या भूमीवर आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती नगर हवेलीच मुळात एका भरपाईपोटी लावून दिलेल्या उत्पन्नाची गोष्ट आहे.

१७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज पकडले. पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात त्यावरून वाटाघाटी झाल्या. १७७९ च्या तहात पेशव्यांनी दमण प्रांतातील बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे मान्य केले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे आले. या व्यवहारात आकडा गावांच्या क्षेत्रफळाचा नव्हता, उत्पन्नाचा होता. अमुक इतका वसूल मिळावा, यासाठी गावे नेमून दिली होती. सनदांत वापरलेले शब्द जहागीर व सरंजाम असे आहेत. सरंजाम म्हणजे काय, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. सरंजामदार महसूल घेतो. मुलूख मात्र सरकारचाच असतो.

या शब्दांचा अर्थ पुढे पावणेदोनशे वर्षांनी द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावावा लागला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा, नरोली आणि सिल्वासा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताविरुद्ध दावा दाखल केला. दमणहून या प्रदेशात भारतीय भूमीवरून जाण्याचा आपणास हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल झाला. न्यायालयाने तह आणि सनदा तपासून स्पष्ट म्हटले, की मराठ्यांनी पोर्तुगीजांना या गावांचे सार्वभौमत्व दिले नव्हते. दिला होता तो केवळ महसुलाचा हक्क. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हा बोजा होता, मालकी नव्हे.

परंतु निकाल तेवढ्यावर थांबला नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठ्यांच्या जागी इंग्रज आले. त्यांना या गावांत पोर्तुगीजांचा संपूर्ण आणि एकमेव अंमल चालू असलेला दिसला. इंग्रजांनी तो जसा होता तसा चालू दिला. त्यावर आक्षेप घेतला नाही, की आपला हक्क सांगितला नाही. न्यायालयाने यावरून असे ठरविले, की इंग्रजांनी प्रत्यक्ष वागण्याने पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले आणि पुढे भारतानेही ते मूकपणे मानले. (नागरिक, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क १९५४ पर्यंत पोर्तुगालला होता, लष्कर, पोलीस व शस्त्रे यांचा नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा शेवटचा निवाडा होता.) म्हणजे बारा हजारांच्या वसुलासाठी दिलेला हक्क कोणत्याही कागदाने मालकी झाला नाही. तो मालकी झाला तो ज्याने हरकत घ्यावयाची त्याच्या मौनामुळे. आप्पांच्या वडिलांनी जे पाहिले असेल तेही बहुधा याच जातीचे असावे.

राज्याराज्यांत जे घडले त्याचीच लहान आवृत्ती खेड्यापाड्यांत सावकार आणि कुणबी यांच्यात घडत होती. पेशवाईत कर्जवसुलीसाठी लिलाव करणारी न्यायालयीन यंत्रणा नव्हती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात मराठी मुलखातील तगाद्याचे वर्णन केले आहे. धनको ऋणकोच्या दारात माणूस बसवी, धरणे धरी, त्याचा येण्या-जाण्याचा मार्ग अडवी. ही पद्धत क्रूर होती, यात शंका नाही. पण तिचा सारा जोर माणसाच्या लाजेवर आणि गावाच्या मतावर होता. सावकारालाही त्याच गावात राहावयाचे असल्याने त्याला ताणण्याची एक मर्यादा होती. व्याजावर दामदुपटीचे बंधन होते. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे.

इंग्रजी अमलात ही मर्यादा गेली. १८५९ मध्ये दिवाणी कामकाजाची संहिता आली आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदाही. साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आल्याने सावकार दर तीन वर्षांनी जुने मुद्दल व व्याज मिळवून नवे खत लिहून घेऊ लागले. कुणब्याला लिहिता-वाचता येत नसे. दावा लागला तर तो तालुक्याच्या न्यायालयात जात नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. त्यानंतर जप्ती आणि लिलाव. लिलावात बोली लावणारा बहुधा सावकार स्वतःच असे, आणि गावात त्याच्याविरुद्ध बोली लावण्याची कोणाची छाती नसे. शेकडो रुपयांची जमीन थोडक्या किमतीत त्याच्या नावे होई. कर्जाचा मोठा भाग तरीही शिल्लक राही, आणि पूर्वीचा मालक त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबत राही. यातील प्रत्येक पायरी कायदेशीर होती, हे विसरता कामा नये.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६० नंतरच्या काही वर्षांत, कापसाला मोठा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी वाढीव दराने झाली. वसुलीच्या दाव्यांनी न्यायालये भरून गेली. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या देण्यासाठी गावातील देशमुखाच्या घरावर हुकूमनाम्याची बजावणी करून घेतली आणि ते घर पाडावयास सुरुवात केली. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. कोणी त्यांच्या शेतात राबेना, कोणी पाणी भरेना, न्हावी हजामत करीना. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारी दंगा झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला.

या दंग्यांत जमावाने प्रामुख्याने कशावर हल्ला केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माणसांच्या जिवावर फारसा कोणी उठला नाही. खते, वह्या आणि हुकूमनामे यांची मागणी झाली, आणि ते हाती पडताच जाळून टाकले गेले. अडाणी समजल्या जाणाऱ्या कुणब्याला नेमके कळले होते, की आपली जमीन नांगराने वा तलवारीने गेलेली नाही, ती कागदाने गेलेली आहे. कागद जाळल्याने जमीन परत मिळत नाही, हे त्याला त्यानंतर कळले.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यातील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करता येणार नाही, ही पहिली. शेतकऱ्याची स्थावर मिळकत त्या कर्जासाठी स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल, तर हुकूमनाम्याच्या बजावणीत ती जप्त करता येणार नाही वा विकता येणार नाही, ही दुसरी. शिवाय खतावरील आकडा अंतिम न मानता न्यायालयाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब पाहावा, असेही सांगितले गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखालील खास न्यायाधीशाच्या कामात आपल्या सेवेची बरीच वर्षे घालविली. गावोगावची न्यायालये तपासणे आणि चुकीचे निवाडे दुरुस्त करणे, असे ते काम होते.

कायद्याचा एक परिणाम मात्र कर्त्यांना अपेक्षित नव्हता. गहाण नसलेली जमीन जप्त होत नाही म्हटल्यावर सावकार गहाणखताशिवाय कर्ज देईनात. आणि गहाणाचा हिशेब न्यायालय उकरून काढते म्हटल्यावर ते गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. तोंडी बोली अशी, की पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र विक्री. म्हणून पुढे कायद्यात दुरुस्ती करून, खरेदीखत म्हणून लिहिलेला व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता काय, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा लागला. बोजा आणि मालकी यांच्यातील रेषा कायद्याने आखावी आणि व्यवहाराने ती पुसावी, असा हा खेळ अर्धशतकाहून अधिक काळ चालला.

ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याचे काय झाले, हेही आपण आपल्या सीमेलगतच पाहिले आहे. तलासरी-उंबरगाव भागातील वारली तरुण लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी जमीनदाराकडे राबत असे. त्याला लग्नगडी म्हणत. तेथे बोजा शेतावर नव्हता, माणसाच्या देहावर होता, आणि तो उतरविण्यासाठी कोणतीही कचेरी नव्हती. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने झरी येथे झालेल्या परिषदेपासून या वेठीविरुद्ध उघड लढा उभा राहिला. पलीकडच्या पाड्यांतील ही हकिकत नगर हवेलीच्या आदिवासी कुटुंबांनाही अपरिचित नव्हती. आपल्या घराण्यांच्या जुन्या पेट्यांत कुठे खते, पावत्या वा कुळांचे हिशेब सापडले, तर ते वाचताना आपण नेहमीच ऋणकोच्या बाजूला नव्हतो, हेही मनाशी मान्य करावे लागेल. पोर्तुगीजांनी अल्वारा पद्धतीने दिलेल्या जमिनी आणि तेरम ही धारणपद्धती १९७१ च्या भूमिसुधारणा विनियमाने रद्द झाल्या, तेव्हा काहींना आपले गेले असे वाटले, तर काहींना आपले मिळाले असे. दोघेही एकाच मातीविषयी बोलत होते.

आता आप्पांच्या कागदाकडे वळू. दादरा व नगर हवेलीला दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, ही १९६३ च्या विनियमाने १ जुलै १९६५ पासून लागू झाली. २०२० मध्ये दमण व दीवशी एकत्रीकरण होऊन संघराज्यक्षेत्राचे नाव बदलले, तरी संहिता तीच आहे. तिच्या एकविसाव्या आदेशात बजावणीची सारी रीत दिली आहे आणि ती वाचताना वर सांगितलेल्या इतिहासाच्या खुणा जागोजागी दिसतात.

जप्तीने मालकी जात नाही. १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेच सांगून ठेवले आहे, की जप्तीमुळे धनकोला मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. ऋणकोला ती परस्पर विकण्यास मनाई होते, इतकेच. अमेरिकेतील अनेक राज्यांत निवाड्याची नोंद जिल्ह्याच्या दप्तरी करताच ऋणकोच्या स्थावरावर आपोआप बोजा चढतो, आणि मिळकत विकावयाची झाल्यास आधी तो फेडावा लागतो. इंग्लंडात न्यायालयाकडून तशा बोज्याचा वेगळा हुकूम घ्यावा लागतो. आपल्याकडे हुकूमनाम्याने आपोआप काहीच चढत नाही. धनकोला दरखास्त करावी लागते, मिळकत दाखवावी लागते, जप्ती मागावी लागते. महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोज्याची नोंद दिसली की गाव त्यालाच जमीन गेल्याची खूण समजते. वस्तुतः ती केवळ सावधगिरीची सूचना असते.

जप्तीनंतर लिलाव होईपर्यंत अनेक दारे उघडी ठेवलेली आहेत. शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरे व बियाणे, स्वयंपाकाची भांडी यांना संहितेच्या साठाव्या कलमाने जप्तीतून वगळले आहे. करड्याच्या देशमुखाच्या घराला हे कलम मिळाले असते तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. देणे फिटेल तेवढाच भाग विकावा, असा नियम आहे. थोड्या देण्यासाठी सारी जमीन विकणारा लिलाव टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावले आहे. हुकूमनामाधारकाला न्यायालयाच्या परवानगीवाचून स्वतः बोली लावता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील लिलावांचा हा धडा आहे. ऋणकोने खाजगी विक्रीने वा गहाणाने पैसे उभे करतो असे समाधानकारकपणे दाखविल्यास लिलाव पुढे ढकलता येतो. बोली संपण्यापूर्वी पैसे भरल्यास लिलाव थांबतो. आणि लिलाव होऊन गेल्यावरही साठ दिवसांत देण्याची रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरून तो रद्द करवून घेता येतो.

या साऱ्यांतून धनकोवर अन्याय होतो काय? हाही प्रश्न रास्त आहे. भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतरच सुरू होतात, अशा अर्थाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये काढले होते आणि ते आजही उद्धृत केले जातात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असे सांगावे लागले. ज्याने घामाचे पैसे विश्वासाने उसने दिले त्याच्या हातात केवळ शिक्क्याचा कागद उरावा, हे न्यायाचे लक्षण नव्हे. जप्ती ही म्हणून आवश्यक आहे. ती नसेल तर सामान्य माणसाला कर्जच मिळणार नाही आणि वसुली पुन्हा दारात माणूस बसविणाऱ्यांच्या हाती जाईल. प्रश्न जप्ती असावी की नसावी हा नसून, तिने जेवढे घ्यावयाचे तेवढेच ती घेते की नाही, हा आहे.

येथेच इतिहासाचा आणि आप्पांच्या प्रश्नाचा सांधा जुळतो. वर सांगितलेले प्रत्येक दार ऋणकोने स्वतः उघडावयाचे आहे. हरकत घ्यावी लागते, अर्ज द्यावा लागतो, तारखेस हजर राहावे लागते. साठ दिवस कोणी बोलले नाही, तर लिलाव कायम होतो आणि विक्रीच्या दिवसापासूनच जमीन खरेदीदाराची ठरते. एकतर्फी हुकूमनाम्याने कुणब्याची जमीन गेली ती तो न्यायालयात गेला नाही म्हणून. बारा हजारांचा सरंजाम परकीय राज्य बनला तो ज्यांनी विचारावयाचे त्यांनी विचारले नाही म्हणून.

आप्पांना आम्ही सिल्वासा येथे वकिलांकडे नेले. प्रथम ते येण्यास तयार नव्हते. न्यायालयाची पायरी चढणे त्यांना कमीपणाचे वाटत होते, आणि आपल्या घराण्यांपैकी अनेकांना तसेच वाटते. नोटीस घरात ठेवून द्यावी, शेजाऱ्यांना कळू नये, आणि काय होईल ते होवो, अशी आपली रीत. वकिलांनी मुदत मागण्याचा अर्ज केला. आप्पांनी बांधाकडेचा एक लहान तुकडा न्यायालयाच्या परवानगीने योग्य भावाने विकला, देणे भरले, आणि जप्ती उठली. जामीनकीचे पैसे गेले ते गेलेच. नातलगाने अद्याप एक रुपयाही परत केलेला नाही. पण घर, विहीर आणि भाताची मोठी खाचरे आज त्यांच्याच नावे आहेत.

जप्ती उठल्याचा कागद घेऊन ते पुन्हा आले, तेव्हा तो कुठे ठेवावा असे त्यांनी विचारले. जमिनीच्या जुन्या कागदांबरोबरच ठेवा, असे मी म्हटले. नातवंडे कधी ती पेटी उघडतील, तेव्हा या जमिनीवर एकदा बोजा आला होता आणि तो उतरविलाही होता, ही दोन्ही गोष्टींची नोंद त्यांना एकाच ठिकाणी सापडावी.